श्रावणातलं पाणी

"अंगावर कपडा होता का, असं विचारतायत," दीना फोनमधून म्हणाली, आणि शालूबाईच्या हातातली अर्धी सोललेली लसणाची पाकळी तशीच राहिली. फोन तिच्या नवऱ्यानं, कोर्लेकरांनी, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता. त्यात दोन चौकटी. एकीत तिकडे इस्राएलात नोकरीला असलेली त्यांची लेक दीना, दुसरीत काळी टोपी घातलेला, तांबूस दाढीचा एक पोरगेला माणूस. रब्बाय म्हणे तो. म्हणजे धर्माचा जाणता. त्याच्या सहीशिवाय तिकडे ज्यू माणसाचं लग्न लागत नाही. तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटायचा, दीना मान खाली घालून ऐकायची आणि मग आईला मराठीत सांगायची. नाव काय, माहेर कुठलं, धर्म कधी घेतला, तेव्हा कोण कोण हजर होतं, इथवर ठीक चाललं होतं. आणि आता हे. पाण्यात बुडी घेतली तेव्हा अंगावर कपडा होता का, असला तर घट्ट होता की सैल, आणि पुरुष किती लांब उभे होते. हा प्रश्न पोटच्या पोरीच्या तोंडून! दीनाचे कान लाल झालेले शालूबाईला एवढ्याशा काचेतही दिसले. दाढीवाल्यानं पेल्यातलं पाणी घोटभर पिऊन पेला खाली ठेवला. त्याच्या खालच्या ओठावर थेंब राहिला होता. तो त्यानं पुसला नाही. शालूबाईची नजर त्या थेंबावरच खिळली. शेजारी बसलेले कोर्लेकर घाईघाईनं म्हणाले, "सांग की गं, सैल झगा होता, पांढरा. माझ्या आईनंच ठाण्याहून शिवून पाठवलेला." बघा, म्हणजे यांनाही तो झगा आठवत होता! शालूबाई उठली. लसणाची ताटली तिनं ओट्यावर आदळली आणि मागच्या दारानं परसात निघून गेली. आतून दीनाचा आवाज आला, आईला बरं वाटत नाही, नंतर बोलू.

परसात तिनं नळ सोडला आणि हात धुतले. पुन्हा धुतले. लसणाचा वास जात नव्हता, आणि वासाचं तरी काय होतं म्हणा. साठीला टेकलेली बाई, गुडघे दुखायला लागलेले, केस पिकलेले, आणि समुद्रापलीकडून एक पोरगा तिला ओली करून, उभी करून बघतोय. बघत नसेलही तो. त्याला त्यात काडीचा रस नसेल. त्याचे डोळे तर झोप न झालेल्या कारकुनासारखे होते. पण तेच तर जास्त घाण वाटत होतं. वाईट नजरेचा असता तर चपलेनं हाणला असता. हा सभ्य होता, मला माफ करा म्हणून विचारत होता, आणि तिचं अंग एखाद्या खटल्यातल्या मुद्देमालासारखं टेबलावर मांडत होता. चुडावा गावच्या येडबा धनगराची ती लेक. रेल्वेतल्या गार्डाशी, एझ्रा कोर्लेकरशी, तिचं सूत जुळलं तेव्हा चुडाव्यात कुणाला ज्यू म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं किरिस्ताव असेल, कुणी म्हणालं मुसलमानातलाच एक प्रकार. लिंबाखाली जातीचे पंच बसले. तंबाखू मळत, पिचकाऱ्या टाकत त्यांनी ठरवलं की येडबाची शालू मेली. माय, भिवराबाई, दारामागं उभी राहून पदर तोंडात कोंबून रडत होती, तिला कुणी विचारलं नाही. त्या पिचकारीचा लाल ओघळ लिंबाच्या बुंध्यावरून खाली येताना शालूबाईनं पाहिला होता. त्या दिवशीही तिची नजर अशीच त्या ओघळावर खिळली होती.

कोर्लेकर मागोमाग परसात आले. उंच, वाकलेला, भला माणूस. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी पायात अजून रेल्वेचे बूट. "तू असं उठून यायला नको होतं," ते म्हणाले. "तो काय मजेनं विचारायलाय का? त्याचा कायदाच हाय तसा. पाणी सगळ्या अंगाला लागलं पाहिजे."

"लागलं होतं."

"मला माहीत हाय गं. पण त्याला कळलं पाहिजे ना."

"त्याला कामून कळलं पाहिजे? माझ्या अंगाला पानी लागलं का न्हाई ते माझ्या अंगाला ठाऊक."

कोर्लेकरांनी डोकं खाजवलं आणि मग अवघड जागेचं दुखणं सांगावं तसं हळूहळू सगळं सांगितलं. दीनाचा ठरवलेला मुलगा कोहेन आहे. म्हणजे जुन्या देवळातल्या पुजाऱ्यांच्या वंशातला. देऊळ पडून युगं लोटली, पण नियम पडला नाही. कोहेनाला धर्म बदलून आलेली बायको चालत नाही. धर्म बदलून आलेल्या बाईची, ज्यू बापापासून झालेली लेक मात्र चालते. म्हणजे शालूबाई खरी ठरली, तर दीना जन्मानंच ज्यू, आणि लग्न लागेल. शालूबाई खोटी ठरली, तर दीनाही ज्यू नाही. मग दीनाला स्वतःलाच धर्म घ्यावा लागेल, आणि एकदा तिनं तो घेतला की कोहेनाचा दरवाजा तिला कायमचा बंद. "म्हणजे सगळं तुझ्या त्या एका बुडीवर अडलंय बघ," कोर्लेकर म्हणाले. आणि कपड्याचं एक वेळ निभावेल, पण खरी अडचण पाण्याची आहे. रब्बायनं दीनाला सांगून ठेवलंय, पुढच्या फोनला विचारीन कुठलं पाणी. झऱ्याचं पाणी वाहतं असलं तरी चालतं. पावसाचं पाणी मात्र साचलेलंच पाहिजे, वाहतं असलं तर ते माणसाला शुद्ध करत नाही. आणि शालूबाईनं बुडी घेतली ती पूर्णा नदी श्रावणात म्हणजे काय, सगळा पाऊसच की!

शालूबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. वाहतं पाणी चालत नाही? डबकं चालतं आणि नदी चालत नाही? मेंढरं कातरायच्या आधी बाप त्यांना वाहत्या ओढ्यात घालायचा, साचलेल्या पाण्यात कधीच नाही. एवढं तर मेंढरालाही कळतं. तिला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

मग घरात फोनांचा हैदोस सुरू झाला. कोर्लेकरांना जणू नवी ड्यूटी लागली. सकाळी चहा झाला की चष्मा लावून बसायचे ते जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. ठाण्याच्या हज्जानांना लावला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना. ते म्हणाले, आपल्या बापजाद्यांना कोकणात कुठला रब्बाय होता? समुद्र होता, नदी होती, तेवढ्यावर आपण एवढी वर्षं ज्यू राहिलो, तुमची बायको पक्की आहे, चिंता करू नका. विलायतेतल्या कुठल्याशा म्हाताऱ्या रब्बायला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, अडचणीच्या वेळी नदी चालते, असं सांगणारेही मोठे लोक होऊन गेलेत. ते तांबूस दाढीला कळवलं. तो म्हणाला, ते त्यांच्याकडच्यांसाठी, आमच्याकडे नाही. मग अमेरिकेतला एक, मग मुंबईत पाहुणा आलेला एक. कोर्लेकर रोज नवं काहीतरी सांगायचे. कुणी म्हणे श्रावणात पूर आला नसेल तर बघता येईल, कुणी म्हणे उगमाकडच्या झऱ्यांचं पाणी जास्त की पावसाचं जास्त ते बघावं लागेल. सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. शालूबाईला त्या चमकेचीच शिसारी यायला लागली. एवढं आयुष्य ह्या माणसानं शनिवारी, कामाला मनाई असलेल्या दिवशी, गाड्या पळवल्या, परभणीच्या हाटेलात काय काय खाल्लं, आणि शनिवारी चूल न पेटवता शुक्रवारच्या शिळ्यावर दिवस काढला तिनं. मासा घेताना खवले आहेत का ते बघून घेतला तिनं, बिनखवल्याची वाम कधी घरात येऊ दिली नाही. सासूनं एकदा सांगितलं आणि तिनं ते आयुष्यभर पाळलं. आता तीच संशयित, आणि हे वकील!

"एक सांगा," ती एका दुपारी म्हणाली. कोर्लेकर ताटावर बसले होते, एका हातात भाकर, दुसऱ्या हातात फोन. "ह्या सगळ्यांच्या वर कोन हाय?"

"वर म्हणजे?"

"म्हनजे हा म्हनतो चालतं, तो म्हनतो चालत न्हाई. मग निकाल कोन देतो? मोठं कोर्ट कुठं हाय?"

कोर्लेकरांनी घास गिळला. "मोठं कोर्ट होतं, लय जुन्या काळी. आता न्हाई. आपल्यात तसा सगळ्यांच्या वर कुणी नसतो. ज्याला विचारलं त्याचं ऐकायचं, असं हाय. आणि एकदा एकानं नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारत सुटायचं नसतं."

"तुमी तर पाच जनांना विचारलं."

"पोरीसाठी विचारलं."

"आन् ह्या दाढीवाल्यालाच कामून धरून बसलाव? ठाण्याचे हज्जान हो म्हनायलेत ना?"

"ठाण्याच्या हज्जानांकडं शिक्का न्हाई, शालू. शिक्का ह्याच्याकडं हाय."

ते ताकाची वाटी तोंडाला लावून भुरके मारत राहिले. मिशीला ताक लागलं. शालूबाईनं तोंड फिरवलं. म्हणजे एवढ्या पोथ्या, एवढे मोठमोठे मेलेले लोक, आणि शेवटी काय, तर शिक्का. पंचायतीतही तेच आणि रेल्वेतही तेच. मग देवाचं नाव कशाला घ्यायचं त्यात?

आणि बुडीची ती सकाळ तिला आठवायला लागली. आठवायची नाही म्हटलं तरी अंगातूनच वर यायची. सासूनं निरोप धाडला होता, पाण्यातून काढल्याशिवाय माझ्या उंबऱ्याच्या आत नको. म्हणून ठाण्याहून जुने हज्जान आणि आणखी दोन म्हातारे रात्रभर गाडीत बसून इथं पूर्णा गावाला आले होते, धर्मात घ्यायला तीन माणसं लागतात म्हणून. हज्जानांची बायकोही आली होती, हातात कोरा टॉवेल घेऊन. ते तिन्ही म्हातारे कधीच गेले, तीही गेली. नदी तांबडीलाल झालेली. कापसाच्या पळाट्या, पानं, कुठला तरी मोडका पलंग वाहून चाललेला. म्हातारे काठावर पाठ करून उभे राहिले, धोतरं चिखलात भिजत होती, आणि त्यातल्या एकाला खोकला आवरत नव्हता. हज्जानांच्या बायकोनं तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक काठाच्या बाभळीला. मेंढराची मुंडी बाप पाण्यात दाबायचा ना, तसा त्या बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाबलं. गार पाणी नाकातोंडात गेलं. पाय सुटले. वाहून चालले मी, असं तिला स्पष्ट वाटलं, आणि नवल म्हणजे भीती गेली. चुडावा गेला, लिंबाचं झाड गेलं, पंच गेले, मायचं रडणंही गेलं. त्या तांबड्या अंधारात कुणीच नव्हतं आणि तरी कुणीतरी होतं. वर आली तेव्हा बाई ओरडत होती, कोशर, कोशर, कोशर, म्हणजे शुद्ध झाली, आणि काठावरचे म्हातारे पाठमोरेच हसत होते. नाव मिळालं रूथ, पण पूर्णेत सगळे शालूच म्हणत राहिले, तिलाही त्याचं काही वाटलं नाही. नाव वरवरचं होतं. त्या पाण्यातलं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. जन्मात स्वतःच्या पायानं चालत जाऊन केलेली तेवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती. आणि आता ते पाणी चालणार नव्हतं. तर मग तिथं कोण होतं?

बुधवारी बाजारातून तिनं रोहू आणला. परसात पाटावर बसून खवले काढत होती तेव्हा कोर्लेकर स्टूल घेऊन समोर येऊन बसले. काहीतरी मनात आहे हे तिला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. "येलदरीचा का गं मासा?" त्यांनी विचारलं.

"येलदरीचाच. बघा की, चिखलाचा वास मारायलाय."

"धरणाचं पाणी ना. साचलेलं." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "शालू, तेव्हा आपले ओळखीचे दिनकरराव येलदरीच्या वीजघरात होते. आपण त्यांच्याकडं जाऊन आलोच होतो त्या श्रावणात. धरणाचं पाणी पावसाचंच, पण साचलेलं. म्हणजे चालतं. सगळ्यांचं चालतं, कुणाचा वादच न्हाई त्यात. ठाण्याच्या कागदावर नुसतं पाण्यात बुडी दिली एवढंच लिहिलंय. कुठल्या पाण्यात ते न्हाई."

शालूबाईनं सुरी थांबवली नाही. खवले उडून कोर्लेकरांच्या बुटांवर बसत होते. "म्हनजे खोटं बोलू?"

"खोटं कशात म्हणायचं? नदी तीच, पूर्णाच. धरणातनं सुटून तीच इथं येती."

"मग नदीच सांगते."

"अगं पोरीचं लग्न मोडेल!" ते एकदम ओरडले, आणि मग त्यांचा आवाज चिरकला. "तिचं वय काय आता लहान हाय का? आपण काय जन्मभर पुरणार आहोत तिला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं. तेवढं खरं असल्यामुळे तिला त्यांचा रागही धड येईना. तिनं माशाचं पोट चिरलं. आतून काळपट लगदा बोटांवर आला, आणि शेवाळाचा, कुजक्या गवताचा, मोटारीच्या तेलाचा असा एक वास भपकन नाकात शिरला. ह्या पाण्यातून मी निघाले म्हणायचं. ह्या पाण्यातून! ती उठून कोपऱ्यात गेली आणि भडभडून ओकली. कोर्लेकर पाठीवरून हात फिरवायला आले, तर तिनं माशाच्याच हातानं तो हात झटकला.

संध्याकाळी दीनाचा एकटीचा फोन आला. चौकट एकच, दाढीवाला नव्हता. पोरीचे डोळे सुजलेले. "आई, पप्पांनी सांगितलं का?"

"सांगितलं."

"मी तुला तसं बोल म्हणत नाही हं," दीना म्हणाली. बोल म्हणत नाही असं म्हणायलाच तिनं फोन केला होता, हे दोघींनाही कळत होतं. मागे कुठे तरी बस गेल्याचा आवाज आला. मग ती भसकन बोलली, "आई, माझ्याच धर्मात मला नव्यानं घ्यायला निघालेत गं हे लोक. लहानपणी शाळेत सगळी पोरं हसायची ज्यू ह्या नावावरून, तेव्हा तूच सांगायचीस ना, आपण कोण ते आपल्याला माहीत हाय. आता मी ह्यांना काय सांगू?"

"तुला पायजे का तो पोरगा?"

"हो."

"बरं," शालूबाई म्हणाली. पोरीसाठी तिनं काय काय केलं नव्हतं? हे त्यापुढं काय मोठं! असं ती स्वतःला रात्री पडल्या पडल्या सांगत राहिली. सांगताना आपलाच आवाज तिला पंचांसारखा वाटायला लागला.

गुरुवारी पुन्हा बरणी, पुन्हा फोन, पुन्हा दोन चौकटी. कोर्लेकर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शालूबाईनं ह्या वेळी हातात काहीच घेतलं नव्हतं. दाढीवाल्यानं आधी मागच्या वेळचं वाईट वाटून घेऊ नका म्हणून सांगितलं. दीनानं ते मराठीत आणलं. कपड्याचं त्यानं पुन्हा काढलं नाही, कोर्लेकरांचं त्याला पुरलं असावं. मग त्यानं समोरचा कागद सरळ केला, पेन उचललं आणि विचारलं. दीनानं मान खाली घातली. तो वाट बघत राहिला. मग ती म्हणाली, "आई, बुडी घेतली ते पाणी कुठलं होतं? नदीचं की धरणाचं?"

शालूबाईनं दाढीवाल्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता, आणि त्या झोपाळू डोळ्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी जिवंत दिसलं. विनंती होती ती. ह्या पोराला लग्न मोडायचं नव्हतं. त्याला सगळं उमगलं होतं, श्रावणही उमगला होता आणि दीनानं कानावर घातलेलं धरणाचं नाव ह्या घरात कसं निघालं असेल तेही. त्याला फक्त तिच्या तोंडून एक शब्द हवा होता, म्हणजे त्याचा हात मोकळा. नवऱ्याला तोच शब्द हवा होता, लेकीलाही तोच. खरं कुणालाच नको होतं. तिच्या जिभेवर चिखलाची चव आली.

"येलदरी," ती म्हणाली. "धरनाचं पानी. साचलेलं."

दीनानं ते त्याच्या भाषेत सांगितलं. त्याला वेळ लागला नाही. पेन चाललं, आणि मग तो हसला, अगदी मनापासून, आणि अभिनंदनाचं मझल तोव म्हणाला. एवढं शालूबाईलाही कळत होतं. दीना एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आई, आई, एवढंच म्हणत होती. कोर्लेकरांनी फोन बंद केला आणि खुर्चीतच मागे रेलून डोळे मिटले. "सुटलो बाई," ते म्हणाले. मग उठून पेढे आणायला गेले. गल्लीभर सांगून आले लेकीचं लग्न ठरलं म्हणून. शेजारची राजेश्री धावत येऊन गळ्यात पडली. शालूबाईनं सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. स्वतः तोंडात टाकला तो थुंकता येईना म्हणून गिळला. कुणाचा राग राग करावा तर कुणाचा? प्रत्येकानं प्रेमानंच केलं होतं. एवढ्या प्रेमानं मिळून सगळ्यांनी त्या श्रावणातल्या नदीवर माती लोटली होती, आणि शेवटचं टोपलं तिचं स्वतःचं होतं. पंचांनी मेली म्हटलं तेव्हा ती मेली नव्हती. दाढीवाल्यानं शंका घेतली तेव्हाही ती डगमगली नव्हती. ह्या गुरुवारी मात्र, ज्यू ठरली त्याच क्षणी, आपण कोणीच नाही असं तिला वाटलं, आणि ते वाटणं रात्र गेली तरी गेलं नाही.

शुक्रवारी दिवस कलायला लागला. कोर्लेकर आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून टेबलाशी आले. दर शुक्रवारी एव्हाना काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, असं सगळं तयार असायचं आणि शालूबाई पदर डोक्यावर घेऊन उभी असायची. आज पेले कोरडे होते. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

"शालू, सूर्य बुडायलाय," ते म्हणाले. "दिवे?"

"तुमी लावा."

"मी?" त्यांना हसू आलं. "बायकांचं काम हाय ते. मी कुठं लावलेत कधी?"

"तुमी जन्माचे ज्यू हाव. लावा."

त्यांचं हसू जिरलं. त्यांनी स्वतःच पाणी, तेल ओतलं, थोडं टेबलावर सांडलं, वात कशीबशी बसवली. काडी ओढली. "बारूख अत्ता अदोनाय," ते दिव्यांची प्रार्थना म्हणू लागले आणि थांबले. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले आणि पुन्हा तिथंच अडले. एवढी वर्षं हे शब्द त्यांनी तिच्याच तोंडून ऐकले होते. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "पुढचं काय गं?"

"मला काय माहीत," शालूबाई म्हणाली. "मी काल येलदरीतनं निघालेली बाई. मला अजून काही शिकवलं न्हाई कुणी."

काडी जळत बोटांपर्यंत आली. कोर्लेकर तिच्याकडे बघत तसेच उभे होते. शालूबाईला पुढचा शब्दन् शब्द पाठ होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.